पिल्लू दूध ओढत नाहीये, नाकातून आलं. मदत हवी आहे

घाईत लिहितेय, चुका समजून घ्या.

परवाच्या पावसात आमच्या पार्किंगमध्ये जनरेटरमागे कुत्र्याचं एक पिल्लू सापडलं. गावठीच आहे. आईचा दोन दिवस पत्ता नाही. डोळे उघडलेत, दात अजून नाहीत, म्हणजे दोन-अडीच आठवड्यांचं असावं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ५२० ग्रॅम भरलं.

पहिल्या दिवशी सासूबाईंनी गाईच्या दुधात पाणी घालून कापसाच्या बोळ्याने पाजलं. त्यांच्या माहेरी अशीच जगवली म्हणे. याला मात्र पिवळे पाण्यासारखे जुलाब लागले. काल डॉक्टरांनी कातडीखाली सलाइन दिलं आणि गाईचं दूध बंद करून पिल्लांची दूध पावडर सुरू केली. हिरड्या पांढऱ्याफटक आहेत, पिसवांनी रक्त शोषलंय म्हणाले. इतक्या लहान जिवाला गोचिडाची पावडर लावायची नाही, बारीक फणीने विंचरून पिसवा काढायच्या. ते काम नवरा आणि लेक साबणाच्या पाण्याची वाटी घेऊन करताहेत. चौतीसपर्यंत मोजल्या, मग सोडून दिलं.

माझी अडचण पाजण्याची. दर तीन तासांनी १० मिली द्यायचंय. लहान बाळासारखं मांडीवर उताणं घेते, सुई काढलेल्या सिरिंजने तोंडात सोडते. तीन-चार मिली जातं, मग जीभच हलत नाही. रात्री दोन वाजता जरा जोरात दाबलं गेलं आणि नाकातून दूध आलं. सकाळपासून श्वासात बारीक घरघर वाटतेय. थोडी वाट पाहू का? आणि शी होते, पण शू केलेली दिसली नाही.

प्रतिसाद १
ताई, वाट पाहू नका, आत्ताच डॉक्टरांकडे न्या. दूध फुप्फुसात गेलं असेल तर न्यूमोनिया होतो. आणि उताणं कधीच पाजू नका! पोटावर ठेवा, मान किंचित वर, आईला लुचताना असते तशी. तोंडात बोट घालून बघा. गार लागलं तर दूध द्यायचंच नाही, आधी ऊब. गार पिल्लाला दूध पचत नाही. गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा, म्हणजे उकडलं तर त्याला सरकता येईल.

प्रतिसाद २
शू आपोआप होत नाही हो या वयात. आई चाटते तेव्हा होते. कोमट पाण्यात भिजवलेला कापूस प्रत्येक पाजण्यानंतर खालून हलकेच फिरवा.

धागाकर्ती
डॉक्टरांकडून आत्ताच आलो. उजव्या बाजूला आवाज आहे, अँटिबायोटिक सुरू केलंय. कापसाची युक्ती चालली, माझी ओढणी भिजली! पोटावर ठेवून थेंब थेंब दिलं तर सात मिली गेलं, पण वीस मिनिटं लागली. रात्री गाढ झोपलं असेल तर उठवून पाजायचं की झोपू द्यायचं? डॉक्टरांना हेच विचारायचं राहिलं.