वीज जास्त वेगवान की रॉकेट?

प्रश्न:
मुलगी आठवीत आहे. परवा वीज चमकली तेव्हा तिनं हा प्रश्न विचारला. मी म्हटलं, वीज म्हणजे प्रकाशच, सेकंदाला 3 लाख किलोमीटर. त्यावर ती म्हणाली, "मग तिला फांद्या कशा फुटतात? प्रकाश तर सरळ जातो." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. कोणी नीट समजावून सांगेल का?

उत्तर 1:
प्रकाश वेगळा, वीज वेगळी. विजेचा उजेड आपल्यापर्यंत प्रकाशाच्या वेगानं येतो, पण वीज स्वतः त्याहून हळू धावते. गडगडाट तर फारच मागे, सेकंदाला साधारण 340 मीटर. लखलखाट आणि गडगडाट यांच्यामधले सेकंद मोजून 5 ने भागायचे असं काही जण सांगतात, ते मैलांसाठी. किलोमीटर हवे असतील तर 3 ने भागा.

उत्तर 2:
मुलीनं अगदी मुद्द्यावर बोट ठेवलंय! मी गेले काही पावसाळे मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये विजा टिपतोय, सेकंदाला 240 फ्रेम. त्यातली एक क्लिप मी एकेक फ्रेम पुढे सरकवत कितीदा तरी पाहिली आहे. आधी नुसता काळा ढग. पुढच्या फ्रेममध्ये ढगाच्या पोटाखाली केसाएवढी फिकट जांभळी रेघ. त्यानंतर तिला पाच-सहा फाटे. मग ते फाटे आणखी खाली, प्रत्येक आपापली वाट शोधतोय. आणि एकदम अख्खी फ्रेम पांढरीफटक.

म्हणजे एका विजेत दोन वेगवेगळ्या धावा असतात. आधी खाली उतरतो तो स्टेप्ड लीडर, म्हणजे टप्प्याटप्प्यानं वाट काढणारी ती फिकट रेघ. तो सलग येत नाही. साधारण 50 मीटरची एक झेप, क्षणभर थांबा, पुन्हा झेप. थांबे धरून सरासरी वेग सेकंदाला 200 किलोमीटरच्या आसपास. फांद्या फुटतात त्या याच टप्प्यात. त्याची जमिनीशी गाठ पडली की तयार झालेल्या वाटेनं झगझगीत लोळ उलट वर चढतो, तो रिटर्न स्ट्रोक. त्याचा वेग प्रकाशाच्या साधारण एक तृतीयांश, म्हणजे सेकंदाला लाखभर किलोमीटर.

आता रॉकेट. अवकाश स्थानक सेकंदाला सुमारे 7.7 किलोमीटर जातं. सूर्याचा अभ्यास करणारं नासाचं यान पार्कर सोलर प्रोब डिसेंबर 2024 मध्ये सूर्याजवळून गेलं तेव्हा त्याचा वेग सेकंदाला 192 किलोमीटर होता. म्हणजे माणसानं बनवलेली सगळ्यात वेगवान वस्तू लीडरच्या जवळपास बरोबरीनं धावेल! रिटर्न स्ट्रोकपुढे मात्र तिचा काही पाड लागणार नाही. फक्त मुलीला हेही सांगा की यान अख्खं पुढे जातं, विजेत तसा एखादा गोळा ढगापासून जमिनीपर्यंत धावत नाही. रांगेत मागून दिलेला धक्का पुढच्यापर्यंत पोचतो, माणसं जागच्या जागीच असतात, साधारण तसं.

प्रश्नकर्ता:
मनापासून आभार, तिला वाचून दाखवलं. लोळ वर चढतो म्हणताय, पण आपल्याला तर वीज खाली पडतानाच दिसते?

उत्तर 2:
3 किलोमीटर उंचीचा ढग धरा. लीडरला खाली यायला साधारण 15 मिलिसेकंद, लोळाला वर जायला फक्त 30 मायक्रोसेकंद. इतक्या कमी वेळात दिशा डोळ्याला कळतच नाही. सगळी रेघ एकदम पेटल्यासारखी वाटते. वीज कधी कधी थरथरते ना, ती मात्र खरोखर दिसते. त्याच वाटेनं तीन-चार लोळ पाठोपाठ जातात आणि त्यांच्यात 40-50 मिलिसेकंदांची फट असते.

मुलीला स्वतः टिपायचं असेल तर फोन खिडकीच्या आतच ठेवा. लखलखाटापासून मोजताना 30 सेकंदांच्या आत गडगडाट आला तर बाहेर पाऊल टाकायचं नाही. फोकस दूरवर लॉक करा आणि कॅमेऱ्याच्या सेटिंगमधला उजेड फार कमी करू नका. नाहीतर पांढरी फ्रेम तेवढी मिळेल, तिच्या आधीची ती जांभळी रेघ निसटेल.