मदत हवी आहे: परदेशी बससेवेशी करार करताना कलमं कोणती घालायची?

घाईत_आहे: शुक्रवारी मसुदा द्यायचाय. आमच्या परिवहन विभागाचा परदेशातल्या बससेवेशी माहितीच्या देवाणघेवाणीचा करार होतोय. मागच्या दौऱ्यातून फोटो आणि माहितीपत्रकं आली, डेपोच्या कामाचं काही नाही. पुन्हा तसं व्हायला नको. कोणाकडे नमुना आहे का?

कात्रजकर: कुठलं शहर? विषय तिकीट, वेळापत्रक की गाड्या?

घाईत_आहे: इलेक्ट्रिक गाड्याच हो! युरोपातलं शहर आहे.

भोसरीवाला: परदेश कशाला? आधी पुण्यातल्या सीआयआरटीत जा, बसवाल्यांना प्रशिक्षण देणारी संस्था आहे. १९६७ पासून हेच काम चालतं तिथे.

प्रवासी_मित्र: ते प्रशिक्षण झालं. यूआयटीपीचं, म्हणजे सार्वजनिक वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं सदस्यत्व घ्या. १८८५ पासूनची संस्था, ब्रुसेल्सला मुख्यालय, जगभरचे बसवाले एकत्र भेटतात.

भोसरीवाला: भेटतात साहेब लोक. फोरमनला काय मिळतं?

कात्रजकर: अर्धवट उचललं की काय होतं ते आम्ही पाहिलंय. कोलंबियातल्या बोगोटात बसचं तिकीट स्थानकात शिरतानाच, फलाट बसच्या दाराच्या उंचीला. आमच्याकडे पुण्यात २००६ साली स्वारगेट-कात्रजला बससाठी वेगळी मार्गिका (बीआरटी) आली, या दोन गोष्टी राहिल्या.

रस्ता_सुरक्षा: बीआरटीपेक्षा मेट्रोच बरी, हे मी आधीपासून सांगतोय.

कात्रजकर: मेट्रोचा विषय कुठून आला? बोगोटाचं सांगितलं ते करारासाठी.

जुना_मेकॅनिक: घाईतभाऊ, नमुना शोधू नका, तीन गोष्टी लिहा. एक, दोघांच्या डेपोतला एकेक माणूस नेमा, थेट बोलणारा. दोन, आकडे मागण्याआधी व्याख्या ठरवा. दहा हजार किलोमीटरमागे मार्गस्थ बिघाड किती, हे आपण मोजतो. पण गाडी रस्त्यात थांबली तरच बिघाड, की डेपोत बदलली तरी? हे न ठरवता तुलना केली तर आकडे फसवतात. तीन, फसलेल्या गोष्टींची नोंद मागा आणि आपलीही द्या. आपण लपवलं तर तेही लपवतील. आणि त्यांची चिंता थंडीत हीटर, आपली मेमधला एसी. महिन्यावार वीज खर्च मागा, वर्षाची सरासरी नको.



घाईत_आहे: मेकॅनिककाका, हेच हवं होतं! महिन्यावारचा मुद्दा सुचलाच नव्हता.

जुना_मेकॅनिक: गाड्या नऊ मीटरच्या की बारा? चार्जर किती किलोवॅटचे? रात्रीच चार्जिंग की दुपारीही?

घाईत_आहे: बारा मीटर. बाकीचं उद्या फोरमनना विचारून टाकतो.