कॅम्पिंग क्लब, हॉलिडे मेंबरशिप: घ्यावी का? तुमचे अनुभव लिहा

पवना, कर्जत, अलिबाग, भंडारदरा या बाजूला तंबूंच्या वस्त्या वाढल्या आणि त्यांच्या मागोमाग 'कॅम्पिंग क्लब'वाल्यांचे फोनही सुरू झाले. पद्धत जुन्या हॉलिडे क्लबांचीच: लाखांत पैसे भरून मेंबर व्हायचं, मग बरीच वर्षं दर वर्षी ठरावीक रात्री त्यांच्या जागी राहायला मिळतं, वार्षिक मेंटेनन्स वेगळा. मॉलमध्ये किंवा पेट्रोल पंपावर कूपन भरलं की चार दिवसांत फोन येतो: "अभिनंदन, तुमची निवड झाली आहे. रविवारी दोघं जोडीने या, गिफ्ट घेऊन जा."

माझ्या बहिणीपुढे सध्या असाच एक प्रस्ताव आहे. तिचा नवरा तयार आहे, ती नाही, आणि दोघांचंही म्हणणं मला पटतं. माझ्या मते जागा किती सुंदर आहे हा प्रश्नच नाही. आपल्याला सुट्टी असते त्याच दिवसांत तिथे जागा मिळते का, यावर सगळं अवलंबून आहे. मुंबईत नोकरी करणाऱ्याची सुट्टी म्हणजे मे महिना, दिवाळी आणि जोडून आलेला शनिवार-रविवार. ज्यांनी मेंबरशिप घेतली, नाकारली किंवा सोडली, त्या सगळ्यांनी लिहावं. कंपनीचं नाव नको, व्यवहार सांगा.

बोरिवली

आम्हाला अंधेरीच्या एका हॉटेलात बोलावलं होतं. फोनवर 'फक्त दीड तास' म्हणाले, बाहेर पडेपर्यंत संध्याकाळ झाली. हॉलमध्ये गाणी इतकी मोठ्याने लावलेली की आम्हा दोघांना आपसात दोन शब्द बोलता येईनात. समोर बसलेला मुलगा अगदी गोड बोलायचा. मागच्या वर्षी कुठे गेलात, हॉटेलला किती गेले, मुलं कितवीत आहेत, सगळं विचारून कागदावर मांडत गेला. मग त्या खर्चाला पंचवीस वर्षांनी गुणलं, वर महागाई धरली. आकडा पाहून कोणीही गप्प होईल. मध्येच शेजारच्या टेबलावर टाळ्या, 'नवीन फॅमिलीचं स्वागत'.

आम्ही विचार करतो म्हटल्यावर मॅनेजर आला, किंमत उतरली. पुन्हा नाही म्हटलं, आणखी उतरली, पण भाव 'फक्त आजचा'. मिस्टरांनी एकच गोष्ट मागितली, करारपत्राची प्रत घरी वाचायला द्या. उत्तर आलं, करार पैसे भरल्यावर मेलवर येतो. तिथे आम्ही उठलो. लाखांचा व्यवहार आणि कागद आधी दाखवायचा नाही, हे मला आजही संतापजनक वाटतं. गिफ्टचं म्हणाल तर दोन रात्रींचं व्हाउचर मिळालं. त्यात जेवण सक्तीचं आणि त्याचे पैसे वेगळे, शनिवार-रविवार चालणार नाही. ते तसंच पडून राहिलं.

डोंबिवली

मी बँकेत आहे, त्यामुळे हिशेबाचंच सांगतो. समजा करासकट ३ लाख भरले, २५ वर्षं, दर वर्षी ७ रात्री. वार्षिक मेंटेनन्स १८ हजार, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २१,२४० रुपये. विकणारा ३ लाखांना २५ ने भागतो आणि 'वर्षाला फक्त १२ हजार' म्हणतो. मेंटेनन्सचं पान शेवटी येतं.

खरा हिशेब असा करा. तेच ३ लाख ७ टक्क्यांनी एफडीत ठेवले तर वर्षाला २१ हजार व्याज येतं (त्यावरचा कर वेगळा) आणि मुद्दल आपलंच राहतं. व्याज आणि मेंटेनन्स मिळून ४२,२४० रुपये, म्हणजे एका रात्रीला सहा हजारांच्या थोडं वर. जेवण आणि प्रवास यात नाही. तेवढ्या पैशांत तुम्हाला हवी ती जागा, हव्या त्या तारखेला, मेंबर न होता मिळत असेल तर मेंबरशिपची गरज काय? शिवाय एखाद्या वर्षी गेलाच नाहीत तरी मेंटेनन्स भरावाच लागतो, आणि तो वाढतो. किती वाढू शकतो याची मर्यादा करारात लिहिली आहे का, ते बघा.

प्रभादेवी

दुसरी बाजूही यायला हवी. आम्ही दोघं निवृत्त, मुलं परदेशात. आमची मेंबरशिप जुनी आहे आणि आम्हाला ती मनापासून आवडते. आम्ही जुलै-ऑगस्टात किंवा जानेवारीच्या मधल्या वारी जातो, तेव्हा जागा मिळते, शांतताही मिळते. स्वच्छ खोली, लिफ्ट, जवळ डॉक्टर, आमच्या वयाला हे लागतं. पण नोकरीत असताना मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत बहुतेक वेळा वेटिंगच यायचं. आमच्या मजल्यावरच्या एका कोकणातल्या कुटुंबाची सगळी रजा गणपतीत आणि शिमग्याला गावी जाण्यात संपते. त्यांनी मला विचारलं तेव्हा मी नको म्हणून सांगितलं.

ठाणे

मी ट्रेकवाला, फक्त तंबूंबद्दल लिहितो. पवनेला रात्रीचं जेवण, सकाळचा नाश्ता, तंबू धरून माणशी साधारण हजार-दीड हजारात सोय होते. ती थेट गावातल्या माणसाकडे होते आणि पैसे त्याच्या घरात जातात. यासाठी आयुष्यभराची मेंबरशिप कशाला?

'महाराष्ट्रात इतकी लोकेशन्स' म्हणतात तेव्हा विचारा, जमीन कोणाची? बऱ्याचदा क्लबची जमीन नसते, शेतकऱ्याशी वर्षाचा टाय-अप असतो. तो मोडला की लोकेशन यादीतून जातं, तुमची फी मात्र क्लबकडेच राहते. सातबारा कोणाच्या नावावर आहे आणि परवानग्या काय आहेत, हे विचारायला लाजू नका. धरणाच्या काठी आणि धबधब्यांजवळ पावसाळ्यात अनेकदा जिल्हाधिकारी बंदी घालतात. अलिबागच्या बाजूला किनाऱ्यावरचे तंबू पावसात उचलले जातात, गेटवेहून मांडव्याच्या लाँचही त्या दिवसांत बंद असतात, फक्त भाऊच्या धक्क्यावरून रो-रो, म्हणजे गाड्याही नेणारी बोट असते. म्हणजे 'वर्षभर कधीही' यातले तीन-चार महिने आधीच वजा धरा.

मूळ दादर, आता सिएटलजवळ

इथे कॅम्पग्राउंडची मेंबरशिप जुनी आहे. थाउजंड ट्रेल्स या अशाच मेंबरशिप विकणाऱ्या कंपनीची सुरुवात १९६९ साली याच वॉशिंग्टन राज्यात झाली. ज्यांच्याकडे आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर आहे आणि जे महिनोन्‌महिने फिरतात, त्यांना ती परवडते. आमच्यासारख्या उन्हाळ्यात दोनदा तंबू ठोकणाऱ्यांना सरकारी पार्क पुरतात. इथेही तसंच, दोन रात्री फुकट राहा, बदल्यात टूर घ्या आणि विक्रेत्याचं ऐका. मात्र काही राज्यांत असा करार सही केल्यावर ठरावीक दिवसांत रद्द करायचा हक्क कायद्यानेच मिळतो.

आम्ही सही करण्याआधी जुन्या मेंबरशिप कितीला विकायला आहेत ते पाहिलं. नव्याच्या किमतीपुढे अगदी किरकोळ भावात लोक देत होते, कारण वार्षिक फी त्यांना नकोशी झाली होती. तिथेही हे आधी बघा, बाकी काही विचारायची गरज उरत नाही.

मुलुंड

आईच्या नावावर मेंबरशिप होती, दोन वेळा मागून तारीख मिळाली नाही, तेव्हा पैसे परत मागितले. फोनवर नुसतं "बघतो, कळवतो." मग मी बोलणं थांबवलं आणि सगळं मेलवर घेतलं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली, नंतर नोटीस पाठवली. नोटिशीनंतर काही रक्कम कापून पैसे आले.

ज्यांना पुढे जावं लागेल त्यांच्यासाठी: २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. त्यामुळे करारात 'फक्त अमुक शहराचं न्यायक्षेत्र' लिहिलेलं बघून घाबरू नका. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची, म्हणून 'पुढच्या सीझनला नक्की देतो' यावर थांबून राहू नका. मुंबई ग्राहक पंचायतीकडेही मार्गदर्शन मिळतं. आणि विक्रेता तोंडी जे जे कबूल करतो ते तिथल्या तिथे मेलवर लिहून मागा. आईला 'मे महिन्यात हमखास' असं सांगितलं होतं, करारात 'उपलब्धतेनुसार' होतं.

वसई

प्रेझेंटेशनला जाताना क्रेडिट कार्ड सोबत आणा म्हणतात, 'फक्त पात्रता बघायला'. घरीच ठेवा. ओटीपी तर कोणालाच देऊ नका.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. डोंबिवलीकरांचा हिशेब बहिणीच्या आकड्यांवर लावून पाहिला. त्यांचं कुटुंब मोठं आहे, दोन खोल्या लागतात, म्हणून फरक थोडा कमी पडतो. पण प्रभादेवीच्या काकांनी लिहिलेली मे महिन्याची गोष्ट तिथे तंतोतंत लागू होते, भाचा आठवीत आहे.

दोघांनी असं ठरवलंय की क्लबच्या माणसाला त्याच्याच ॲपवर, आपल्या समोर, येत्या दिवाळीतल्या आणि मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यातल्या जागा दाखवायला सांगायच्या. दाखवल्या आणि करार घरी वाचायला दिला तर पुढचं बोलणं, नाहीतर विषय बंद.

भाच्याला भंडारदऱ्याचे काजवे बघायचेत. मेअखेर ते जूनच्या सुरुवातीच्या त्या दिवसांत मेंबरशिपवर तिथे कोणाला जागा मिळाली आहे का? मिळाली असेल तर किती आधी बुकिंग केलं होतं, तेवढं लिहा.