उत्तर: कारचा जुना स्टिरिओ घरात लावणे

भाऊ, तुम्ही विचारलंय की कारचा जुना स्टिरिओ घरी राऊटरच्या २ अँपियरच्या अडॅप्टरवर लावला, तर आवाज वाढवला की तो बंद का पडतो. यात स्टिरिओचा दोष नाही. तो अडॅप्टर त्याला पुरणारच नाही. किती करंट लागू शकतो ते कळायला पाठीमागचा फ्यूज बघा, बहुतेकांत १० अँपियरचा असतो. १२ व्होल्ट, १० अँपियरचा एसएमपीएस (घरच्या विजेवर चालणारा डीसी पॉवर सप्लाय) घ्या. नागपुरात बर्डीवर (सीताबर्डी बाजारात) एलईडी पट्ट्यांच्या दुकानात मिळून जाईल.

पिवळी वायर मेमरीची (सतत वीज देणारी), लाल चावीची (गाडीची चावी फिरवली की वीज देणारी). घरी दोन्ही एकत्र करून प्लसला जोडा, काळी मायनसला. (कंपनीफिटिंग स्टिरिओत रंग वेगळे असू शकतात, आधी लेबल वाचा.) मेन स्विच बंद केला की घड्याळ आणि स्टेशनं पुसली जातील, एवढं चालवून घ्या.

वरच्या एका उत्तरात कुणीतरी सगळ्या स्पीकरच्या मायनस वायरी एकत्र करून अर्थला द्यायला सांगितलंय. तसं अजिबात करू नका! या स्टिरिओत स्पीकरच्या दोन्ही वायरींवर सिग्नल असतो, अॅम्प्लिफायरची आयसी (चिप) जळू शकते. प्रत्येक स्पीकरला स्वतंत्र जोडी द्या. स्पीकर ४ ओहमपेक्षा कमी नको. घरचे ८ ओहमचे चालतील, आवाज थोडा कमी येईल इतकंच. डब्यावरचे ‘५० वॅट x ४’ मनावर घेऊ नका, प्रत्येक स्पीकरला खरे पंधरा-वीस वॅटच.

एफएमसाठी अँटेनाच्या सॉकेटच्या मधल्या पिनला पाऊण मीटर वायर लावा, आणि ती कूलरच्या मोटरपासून लांब ठेवा, नाहीतर मे महिन्यात गाण्याऐवजी खरखरच ऐकाल. स्टिरिओ लाकडी पेटीत बसवत असाल तर मागची बाजू उघडी ठेवा.