सल्ला हवा: छापील मराठी-तेलुगू पानांसाठी उबुंटूवर टेसरॅक्ट आणि पायथन कसे बसवावे?

जुळे_सोलापूरकर:
नमस्कार. आमच्या वाचनालयात विणकर संस्थांच्या जुन्या छापील स्मरणिका आहेत. त्यांची पाने स्कॅन झाली असून टेसरॅक्ट (चित्रातली अक्षरे ओळखून मजकूर देणारा प्रोग्राम) वापरून त्यांतला मजकूर शोधता यावा, म्हणजे 'मार्शल लॉ' असे शब्द दिले की सोलापुरातल्या १९३० सालच्या लष्करी कायद्याच्या आठवणींची पाने हाती लागावीत, अशी इच्छा आहे. लॅपटॉप ४ जीबी रॅमचा असून त्यावर उबुंटू २४.०४ आहे. पिपने (पायथनची पॅकेजेस बसवणारे साधन) पायटेसरॅक्ट हे पॅकेज बसवू लागलो की 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट' असा संदेश येऊन काम अडते. ॲनाकोंडा (पायथनचा मोठा तयार संच) घ्यावे, की सुडो लावून, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, पिप चालवावे? पद्मशाली समाजातल्या व्यापाऱ्यांच्या काही जाहिराती तेलुगूत आहेत, त्यांचे काय करावे?

होटगी_रोड:
माझ्या मते विंडोजच बरे. मानहाइम विद्यापीठाच्या ग्रंथालयाने तयार केलेला टेसरॅक्टचा इन्स्टॉलर मिळतो. बसवताना मराठी आणि तेलुगूसमोर खूण करावी आणि नंतर टेसरॅक्टचे फोल्डर पाथमध्ये (प्रोग्राम शोधायच्या फोल्डरांच्या यादीत) घालावे.

साखरपेठी:
विंडोजवर काम होते हे खरे, पण उबुंटू आधीच असताना ते मोडण्याचे कारण मला दिसत नाही. तुम्हाला आलेला संदेश बिघाडाचा नसून अटकावाचा आहे. उबुंटूची स्वतःची अनेक साधने सिस्टीममधल्या पायथनवर चालतात, आणि पिपने त्यातले एखादे पॅकेज परस्पर बदलले तर ती साधने बंद पडू शकतात, म्हणून हा दरवाजा मुद्दाम लावलेला असतो. सुडो लावून किंवा 'ब्रेक सिस्टीम पॅकेजेस' हा पर्याय देऊन तो उघडू नये.

दुसरे असे की पायटेसरॅक्ट हे अक्षर ओळखणारे इंजिन नव्हे. ते पायथनमधून टेसरॅक्टला हाक मारणारे एक पातळ वेष्टन आहे. त्यामुळे इंजिन ॲप्टने (उबुंटूचे स्वतःचे पॅकेज बसवण्याचे साधन) सिस्टीममध्ये बसवावे, त्याच्या जोडीला मराठी आणि तेलुगू भाषांची पॅकेजेसही ॲप्टनेच घ्यावीत. मग पायथन-३-व्हेन्व्ह हे पॅकेज बसवून कामाच्या फोल्डरमध्ये आभासी पर्यावरण (सिस्टीमच्या पायथनपासून वेगळी ठेवलेली जागा) तयार करावे, ते सुरू करावे, आणि पायटेसरॅक्ट व पिलो (चित्रे उघडणारे) ही दोनच पॅकेजेस पिपने त्यात घालावीत. एवढ्यासाठी ॲनाकोंडाचा डोलारा नको. ४ जीबी रॅम पुरते.

पायथनला हात लावण्यापूर्वी टर्मिनलमध्ये 'लिस्ट-लँग्ज' हा पर्याय देऊन यादीत 'एमएआर' आणि 'टीईएल' हे मराठी व तेलुगूचे संकेत दिसतात का ते पाहावे, आणि एक पान थेट टेसरॅक्टला देऊन निकाल तपासावा. तिथेच मजकूर नीट येत नसेल तर पायथन कितीही व्यवस्थित लिहिले तरी उपयोग नाही. स्कॅन ३०० डीपीआयच्या (इंचाला ठिपके) आसपास असावेत. दोन्ही लिप्या असलेल्या पानासाठी भाषेच्या जागी दोन्ही संकेत अधिक चिन्हाने जोडून द्यावेत. मात्र सगळ्याच पानांना ते लावू नये, वेळ वाढतो आणि नुसत्या मराठी पानात मधूनच तेलुगू अक्षरे उगवतात.

जुळे_सोलापूरकर:
आपल्या सांगण्याप्रमाणे केले, दोन्ही भाषा यादीत दिसल्या. मराठी पान बरेचसे वाचले गेले, परंतु खिळ्यांच्या झिजलेल्या छपाईत 'घ'चा 'ध' आणि 'भ'चा 'म' होतो. यावर उपाय आहे का?

साखरपेठी:
उबुंटूबरोबर येणारी भाषा-मॉडेल्स 'फास्ट' संचातली असतात. टेसरॅक्टच्या गिटहब भांडारात (जिथे त्याच्या फाइली ठेवलेल्या आहेत) 'बेस्ट' नावाचा, अचूकतेवर भर देणारा वेगळा संच आहे. त्यातली मराठीची फाइल स्वतंत्र फोल्डरमध्ये ठेवून 'टेसडेटा-डिर' या पर्यायाने तिचा पत्ता द्यावा, म्हणजे ॲप्टने ठेवलेली मूळ फाइल जागेवरच राहते. हा संच सावकाश चालतो, म्हणून आधी पाच-दहा वाईट पानांवर दोन्ही निकाल शेजारी ठेवून पाहा. दोन स्तंभांचे पान एकाच ओळीत मिसळत असेल, तर स्तंभ आधी कापून वेगळे करावेत आणि प्रत्येकाला 'पीएसएम ६' (सगळा मजकूर एकच ठोकळा मानण्याचा पर्याय) द्यावे. समासातल्या हस्ताक्षरातील टिपणांसाठी मात्र टेसरॅक्टच्या भरवशावर राहू नका, ती हातानेच टाइप करावी लागतील.