सायकलला गाडीने धडक दिली तर पहिल्या तासात आणि नंतर नेमकं काय करायचं?

हँडल_सरळ

रोज सायकलने कामावर जाणाऱ्यांसाठी एक टिपण करतो आहे. धडक बसू नये म्हणून काय करावं यावर भरपूर लिहिलेलं सापडतं. बसल्यावर काय करावं याबद्दल मात्र "डॉक्टरकडे जा, पोलिसांना कळवा" यापलीकडे फारसं मिळत नाही. रस्त्यावर पडल्यापडल्या काय करायचं आणि काय टाळायचं? बाहेरून लागलेलं दिसत नसेल तर कशावर लक्ष ठेवायचं, किती दिवस? आणि सायकल चालवण्याजोगी राहिली आहे का, हे कसं ओळखायचं? गाडीवाला न थांबता निघून गेला तर काय, तेही कोणी सांगितलं तर बरं होईल.

मुका_मार

शरीराबद्दल मी लिहितो.

ताडकन उठू नका. पडलेला माणूस संकोचाने म्हणा, गडबडीने म्हणा, लगेच उभा राहतो आणि "काही नाही झालं" म्हणून मोकळा होतो. त्या वेळी अंगात ॲड्रेनलिन उसळलेलं असतं, त्यामुळे दुखणं दबून जातं. हाड मोडलेलं असतानाही माणूस चार पावलं चालतो. अंगावर गाड्या येण्याचा धोका नसेल तर आडवं राहूनच मिनिटभर अंदाज घ्या. हातापायांची बोटं हलतात का, कुठे मुंग्या किंवा बधिरपणा आहे का, मानेत किंवा पाठीच्या मधोमध मणक्यावर दुखतंय का? यातलं काहीही खटकलं तर मान आहे तशीच ठेवा आणि जमलेल्यांना स्पष्ट सांगा, "मला उचलू नका, रुग्णवाहिका बोलवा." काखेत हात घालून बसतं करणं आणि मिळेल त्या गाडीच्या मागच्या सीटवर कोंबून नेणं, हे सगळं चांगल्या भावनेने होतं. पण मणका दुखावलेला असेल तर त्यानेच कायमचं नुकसान होऊ शकतं. अगदीच वाहत्या रस्त्यात असाल तर हलवायला हवं, पण डोकं, मान आणि धड एका रेषेत ठेवून. श्वास नीट चालू असेल तर बघ्यांनी हेल्मेटही ओढून काढू नये.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड ठेवून तळहाताने थेट दाबा, सलग १० मिनिटं. थांबलं का हे बघायला कापड मधेच उचललं की धरलेली रक्ताची गुठळी सुटते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. आणि पाणी पाजू नका. शस्त्रक्रियेची वेळ आली तर भूल देताना पोटातलं उलटून श्वासनलिकेत जाऊ शकतं.

आता न दिसणारा मार. खरी फसगत इथे होते.

डोकं: मेंदूला मार बसायला बेशुद्ध व्हावंच लागतं असं नाही, बहुतेकांची शुद्ध जात नाही. कवटीच्या आत रक्तस्राव होत असेल तर सुरुवातीचे काही तास माणूस अगदी ठणठणीत वाटू शकतो. म्हणून पहिले ४८ तास एकटं राहू नका. वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलट्या, जड जीभ, एका बाजूचा अशक्तपणा, एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी, नाकाकानातून पाण्यासारखा स्राव, आकडी, न उठणारी ग्लानी: यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट न बघता रुग्णालय गाठा. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर लक्षणं नसली तरी लगेच दाखवायचं. दुखण्यावर स्वतःहून ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नका, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. पॅरासिटामॉल चालेल.

पोट: हँडलचं टोक पोटात घुसणं ही सायकलच्या अपघातातली खास दुखापत आहे, मुलांमध्ये तर फारच. बाहेर दिसतो तो फक्त नाण्याएवढा गोल वळ. आत यकृत, प्लीहा, स्वादुपिंड किंवा आतडं फाटलेलं असू शकतं, आणि त्याचा त्रास काही तासांनी, कधी दिवसांनी सुरू होतो. पोट ताठ होणं, दाबल्यावर वाढणारं दुखणं, लघवीतून रक्त, उलट्या, किंवा खांद्याला मार नसताना डावा खांदा दुखणं (प्लीहेतून रक्त गळत असल्याची ही खूण असते) अंगावर काढू नका.

मनगट: पडताना हात पुढे टेकवला असेल तर अंगठा ताणून बघा. त्याच्या बुडाशी, मनगटावर एक खळगा दिसतो. तिथे बोटाने दाबल्यावर कळ आली तर स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड मोडलेलं असण्याची शंका धरायची. हे हाड पहिल्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही, म्हणून आधार बांधून १० ते १४ दिवसांनी पुन्हा फोटो काढतात. "एक्स-रे नॉर्मल आहे" म्हणून हँडल धरायला सुरुवात केली तर हाड न जुळण्याचा धोका असतो, कारण त्याचा रक्तपुरवठाच तुटपुंजा असतो.

खरचटलेलं भरपूर पाण्याने धुवा, खडीचा कण न् कण निघाला पाहिजे. राहिला तर कातडीखाली काळा डाग कायमचा बसतो. वर पेट्रोलियम जेली आणि न चिकटणारी पट्टी. जखमेत माती गेली असेल आणि धनुर्वाताचा शेवटचा डोस ५ वर्षांपेक्षा जुना असेल तर तो घ्यायचा.

पुरावा_जपा

पुराव्याबद्दल. पहिला फोटो नंबर प्लेटचा. चेहरा, ओरखडे, मोडलेलं चाक सगळं नंतर, कारण गाडी निघून जाऊ शकते, बाकीचं जागेवरच राहतं. तुम्ही पडून असाल तर शेजारच्याला सांगा, "आधी नंबरचा फोटो काढा." मग सुरक्षित असेल तर सायकल आणि गाडी हलवण्यापूर्वी लांबून चारही बाजूंनी फोटो घ्या. त्यात सिग्नल, फलक, रस्त्यावरचे पट्टे, घसरल्याच्या खुणा, फुटलेल्या काचा यायला हव्यात. सायकलचा दिवा चालू असेल तर तो चालू असतानाच टिपा, "दिवा नव्हता" हा आक्षेप नंतर येतोच.

चालकाचं नाव, परवाना, विम्याचा तपशील आणि फोन नंबर घ्या. नंबर घेतला की तिथल्या तिथे रिंग देऊन बघा. साक्षीदार पोलीस येईपर्यंत थांबत नाहीत, म्हणून त्यांचे नंबर आधी.

तोंड जपून. "चूक माझीच", "मी ठीक आहे", "जाऊ दे", यातलं काही बोलू नका. विनयाने बोललेलं वाक्यही नंतर कबुली म्हणून पुढे येतं. वेगाचे अंदाज सांगू नका, दिसलं तेवढंच सांगा. पैसे घेऊन जागच्या जागी मिटवणं तर नकोच. वर लिहिलेलं मनगट दोन आठवड्यांनी कळतं आणि तडा गेलेला फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) त्याहून उशिरा. पोलिसांत नोंद करा, किरकोळ वाटलं तरी, आणि नोंदीचा क्रमांक लेखी घ्या. डॉक्टरांनाही प्रत्येक दुखरी जागा सांगा. पहिल्या कागदावर नसलेली दुखापत या धडकेचीच आहे हे पुढे पटवून देणं कठीण जातं.

दोन गोष्टी हमखास विसरल्या जातात. सायकलवर किंवा हेल्मेटवर कॅमेरा असेल तर तो लगेच बंद करून कार्ड काढून ठेवा. हे कॅमेरे जुन्यावर नवं चित्रण करत राहतात आणि घरी पोचेपर्यंत धडकेचा तुकडा पुसला गेलेला असू शकतो. जीपीएस मीटरवरची राइडही थांबवून सेव्ह करा आणि मूळ फाइल न कापता ठेवा. आसपासच्या सीसीटीव्हीचंही तसंच, चित्रण काही दिवसांत पुसलं जातं. त्याच दिवशी लेखी विनंती द्या, तारीख आणि वेळ मिनिटांसकट.

गाडीवाला पळाला तर पाठलाग नको. नंबरचे आठवतात तेवढे आकडे, रंग, गाडीचा प्रकार, कुठे वळला हे फोनमध्ये बोलून रेकॉर्ड करा, लिहीत बसू नका. रस्त्यावर पडलेले आरशाचे किंवा दिव्याचे तुकडे गोळा करा. त्यांच्या आतल्या बाजूला बऱ्याचदा पार्ट नंबर छापलेला असतो आणि त्यावरून गाडीचं मॉडेल निघतं. आपल्या फ्रेमला लागलेला परका रंग पुसू नका. फाटलेले कपडे धुऊ नका, हेल्मेट फेकू नका.

आरे_आणि_रिम

सायकल: फोटो काढून होईपर्यंत काहीही सरळ करू नका, आणि दुरुस्तीचा अंदाज दुकानातून लेखी घ्या. त्या दिवशी चालवत घरी जाऊ नका.

हँडल चाकाच्या तुलनेत वळलेलं असेल तर घाबरायचं कारण नाही. स्टेम (हँडल आणि फोर्क जोडणारा तुकडा) फिरला आहे, बोल्ट सैल करून सरळ होतो. त्यापेक्षा फोर्ककडे बघा. बाजूने उभं राहून बघितलं तर फोर्कचे पाय हेड ट्यूबच्या (फ्रेमची सर्वात पुढची उभी नळी) रेषेतून मागे झुकलेत का? पेडलवरचा बूट आता पुढच्या टायरला पूर्वीपेक्षा जवळ येतो का? समोरून धडक बसली की फ्रेम हेड ट्यूबच्या लगेच मागे चेमटते. वरच्या आणि खालच्या नळीच्या खालच्या अंगावरून बोट फिरवा. रंगाला सुरकुती किंवा केसासारखी रेघ लागली तर धातू वाकलेला आहे, फ्रेम बाद. ॲल्युमिनियमचं हँडल वाकलं तर सरळ करून वापरू नका, ते पुढे केव्हातरी एकदम तुटतं.

मागचा भाग तिरका झालाय का हे दोऱ्याने कळतं. मागच्या एका ड्रॉपआउटला (चाकाचा आस बसतो ती खाच) दोरा बांधा, हेड ट्यूबच्या पुढून फिरवून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत ताणून आणा. सीट ट्यूबपासून (सीटखालची उभी नळी) दोन्ही बाजूंचं अंतर मोजा. फरक २-३ मिलीमीटरच्या वर गेला तर जाणकाराला दाखवा. फोर्कचा वाक यात कळत नाही, तो वेगळाच बघायचा.

चाक फिरवून ते ब्रेक पॅडशी किती डुलतं ते बघा. आरे दोन-दोन चिमटीत दाबून बघा, एखादी जोडी ढिली लागली तर तिथे रिम (चाकाची बाहेरची कडी) चेपली आहे. आणि सायकल उजव्या अंगावर पडली असेल तर डिरेलरचा (गिअर बदलताना साखळी सरकवणारा भाग) हँगर, म्हणजे तो फ्रेमला जोडणारा तुकडा, नक्की तपासा. तो मुद्दाम मऊ धातूचा असतो, म्हणजे फ्रेमऐवजी तो वाकावा. मागून बघितल्यावर डिरेलरच्या दोन्ही छोट्या चकत्या दातेरी चक्राच्या सरळ रेषेत हव्यात. आत वाकलेला असेल तर सपाटीवर काही जाणवत नाही. पहिल्या चढावर सर्वात हलका गिअर टाकला की डिरेलर आऱ्यांत अडकतो आणि मागचं चाक जागच्या जागी थांबतं.

सायकल कार्बन फायबरची असेल तर नाण्याने टकटक करून बघतात. सगळीकडे खणखणीत आणि एका जागी बद्द आवाज आला तर तिथे थर सुटलेत. आवाज ठीक आला म्हणून निर्धास्त होऊ नका. फोर्कची वरची नळी स्टेमच्या आत झाकलेली असते आणि तडा तिथेच जातो. स्टेम उतरवून बघितल्याशिवाय, शक्य तर अल्ट्रासाउंड तपासणी केल्याशिवाय, ती सायकल चालवू नका.

हँडल_सरळ

फार उपयोगी. हेल्मेटला वरून काहीच दिसत नसेल तर? आणि बॅटरीवाल्या सायकलींचं?

आरे_आणि_रिम

डोकं आपटलं असेल तर हेल्मेट बदला. आतला फेस (थर्माकोलसारखा थर) एकदाच चेपला जाण्यासाठी असतो. चेपलेला फेस पुन्हा धक्का शोषत नाही, आणि वरचं कवच मात्र परत मूळ आकारात आलेलं असतं. आतल्या गाद्या काढून उजेडाकडे धरलं की कधी कधी चीर दिसते. दिसली नाही तरी निर्णय तोच.

बॅटरीला पोचा पडला असेल, ती गरम लागत असेल, फुगली असेल किंवा गोडसर रसायनासारखा वास येत असेल तर चार्जिंगला लावू नका. आतले सेल काही तासांनी, दिवसांनीही पेटू शकतात. हाताला गरम लागत नसेल आणि धूर नसेल तरच ती सायकलवरून काढा, नुसती गरम असेल तर सायकलसकट उघड्यावर हलवा, धूर येत असेल तर हात न लावता लांब व्हा. काढलेली बॅटरी घराबाहेर काँक्रीटवर किंवा फरशीवर ठेवा, आसपास लाकूड, कपडे, पडदे काही नको. जिन्यात किंवा बाहेर पडायच्या दाराशी तर मुळीच नको.