मदत हवी आहे : ग्नाडेनहटनचे मारेकरी कसे ओळखायचे?

नमस्कार मंडळी. 8 मार्च 1782 रोजी ओहायोतल्या ग्नाडेनहटन गावात पेनसिल्व्हेनियाच्या मिलिशियाने, म्हणजे स्थानिक नागरिकांच्या सशस्त्र दलाने, 96 ख्रिस्ती लेनापे (अमेरिकेतली एक मूळनिवासी जमात) लोकांना मारलं. त्यात 39 मुलं होती. शेतात राहिलेला मका काढायला ती माणसं परतली होती. आदली रात्र त्यांनी प्रार्थनेत काढली. सकाळी मिलिशियावाल्यांनी लाकडी मोगरीने त्यांची डोकी फोडली. दोन पोरं तेवढी वाचली. खटला कोणावरच चालला नाही. म्होरक्या डेव्हिड विल्यमसन पुढे वॉशिंग्टन काउंटीचा शेरीफ झाला!

मी या काउंटीच्या मिलिशियाची हजेरीपत्रकं आणि अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातल्या सैनिकांनी 1832 च्या कायद्याखाली केलेले पेन्शनचे अर्ज पडताळतेय. अडचण अशी, की अर्जात नुसतं ‘विल्यमसनच्या हाताखाली होतो’ असेल तर मोहीम कोणती समजायची? त्याच उन्हाळ्यात ओहायोतल्याच सँडस्की भागातल्या मूळनिवासींवर झालेल्या स्वारीतही विल्यमसन होता. शिवाय एकाच नावाचे काका-पुतणे निघतात. काही जणांनी तर मारायला साफ नकार दिला होता, त्यांच्यावर चुकून ठपका यायला नको, याची मला फार धास्ती वाटते.

अशा कागदांवर कोणी काम केलंय का? नावं वेगळी करायला करवसुलीच्या याद्या आणि जमिनीचे दस्त कितपत उपयोगी पडतात? सुरुवात कुठून करू?